अर्धा किलो हरभरा डाळ

बायको गेल्याच्या सतराव्या दिवशी पितांबरने दुकान उघडलं. सकाळी सात ते अकरा अशी वेळ सरकारने घालून दिली होती, म्हणून तो पावणेसातलाच ओट्यावर आला, शटर वर केलं, उंबऱ्यावर पाणी शिंपडलं, तराजूला उदबत्ती ओवाळली आणि गल्ल्यामागे बसला. गल्लीच्या तोंडाशी ग्रामपंचायतीने बांधलेले बांबू आदल्या दिवशी सोडून नेले होते. त्यांचे खड्डे तेवढे राहिले होते.

अकरा वाजेपर्यंत कोणी आलं नाही.

दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. भवानीचे पैसे कपाळाला लावल्याशिवाय पितांबर सकाळचा चहा घेत नसे, हे एकतीस वर्षं चाललेलं. त्या दिवशी त्याने अकराला शटर ओढलं, आत गेला आणि भवानीशिवायच चहा टाकला. साखर किती घालायची ते त्याला अजून जमत नव्हतं. एकतीस वर्षं तो चहा बायकोच करायची.

त्याची बायको भिकुबाई एप्रिलच्या सुरुवातीला कोरोना होऊन नंदुरबारच्या दवाखान्यात दाखल झाली. चार दिवस ऑक्सिजनवर होती. त्याला आत जाऊ दिलं नाही. पाचव्या दिवशी फोन आला, आणि जाळलं ते तिकडच्या तिकडेच. त्याला स्वतःला तीन दिवस खोकला आला नि गेला. मुलगी चेतना सुरतेला, तिच्या घरात दोन माणसं आजारी, ती येऊ शकली नाही. दहावं आणि तेरावं पितांबरने बांबूच्या आत एकट्याने केलं.

पितांबर काही जन्माचा वाणी नव्हता. याच गावातल्या, रनाळ्याच्या पाटलांच्या घरातला, चार भावांत धाकटा. वाट्याला आलेल्या जमिनीत भागेना म्हणून त्याने घराच्या पुढच्या खोलीत किराणा मांडला, तेव्हा भाऊबंद त्याला चिडवायला शेठ म्हणायचे. पण दुकान चाललं ते भिकुबाईमुळे. ती दुपारी बसून माल तोलायची, पिशव्यांत भरायची आणि पिशवीचं तोंड मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवून चिकटवायची. बोटं भाजून त्यांची टोकं निबर झाली होती. तिची पिशवी कधी तोळाभर कमी भरली नाही.

आदल्या वर्षी, पहिल्या लॉकडाऊनमध्ये, याच दुकानाने गल्ली जगवली होती. गावाबाहेर रस्त्यालगत हेमराजने आपल्या शेतात मार्ट उभारलं होतं, काचेची दारं, थंड हवा, ढकलगाड्या. ते तेव्हा बंद पडलं. कामाची माणसं आपापल्या गावी पळाली आणि मालाचा ट्रक येईना. पितांबर पास काढून, टेम्पो भाड्याने घेऊन, पहाटे नंदुरबारहून गूळ, तेल, डाळी आणायचा. ओट्यासमोर भिकुबाईने चुन्याने गोल काढले होते. लोक त्यात उभे राहायचे. एक रुपया भाव वाढवला नाही. लोक म्हणाले, पितांबरशेठ होता म्हणून चूल पेटली. मार्टवाले पावसातले बेडूक, ऊन पडलं की पसार. असंही म्हणाले.

गरज सरो नि वैद्य मरो. दुसऱ्या वर्षी हेमराज शहाणा झाला. त्याने माणसं गावातलीच ठेवली. दाराशी ताप मोजायला एक जण उभा केला. माल सगळा यंत्राने बंद केलेला. फोनवर यादी सांगा, पांढरा टेम्पो रात्री आठपर्यंत दारात. घरपोच द्यायला सरकारची आडकाठी नव्हती. अकरानंतर गल्ली निपचित पडायची, तेव्हा फक्त त्या टेम्पोचा भोंगा वाजायचा. पितांबरच्या दारावरून जाताना तो जरा वेग धरायचा. ड्रायव्हर तोंडावरचा रुमाल नीट करायचा.

दुकान उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी रेवजी आला. रोज सकाळी शेताकडे जाताना तो तंबाखूची पुडी घ्यायचा. तो रस्त्याच्या पलीकडेच थांबला.

"दुकान उघाडं व्हयनं का नाना?"

"व्हयनं."

"बरं व्हयनं." तो जरा वेळ उभा राहिला. "आंगना साबण शे का?"

"शे. ये ना."

"नही, सहज ईचारं," रेवजी म्हणाला आणि चालू लागला.

पितांबरला राग आला नाही. साबणाच्या वड्या कारखान्यातून आलेल्या, त्यांना कोणाचा हात लागलेला नव्हता, तरी रेवजी घ्यायला धजला नाही. मग पिशव्या कोण घेणार? ताप यायच्या आधीच्या आठवड्यात भिकुबाईने आखाजीसाठी, अक्षय्य तृतीयेच्या सणासाठी म्हणून डाळ, साखर, रवा, सगळा माल भरून ठेवला होता. तेव्हा ती खोकत होती. गल्लीने तो खोकला ऐकला होता. फळीवर त्या पिशव्या ओळीने लागलेल्या होत्या आणि येणारा-जाणारा त्या रस्त्यावरून बघायचा.

चेतना फोनवर म्हणाली, "नाना, त्या पिशव्या फोड. माल नवीन पिशव्यांत भर."

"भरसू," तो म्हणाला. भरल्या नाहीत. एक पिशवी त्याने हातात घेतली, कात्री घेतली, आणि परत ठेवली.

पाच दिवस भवानी झाली नाही. सहाव्या दिवशी मंगलाबाई आली.

मंगलाबाई मागच्या घरातली. तिच्या नि भिकुबाईच्या परसांमध्ये एकच भिंत, छातीइतकी. पापड, कुरडया, शेवया, सगळं दोघींनी मिळून केलं. ती तोंडाला पदर लावून आली आणि सरळ ओट्याला टेकून उभी राहिली.

"नाना, हरभरानी दाय दे. अर्धा किलो."

पितांबर उठला. "पोत्यामधली देऊ का पिशवी?"

"पिशवीच दे."

"तिन्हा हातनी शे," तो म्हणाला.

"माले काय माहीत नही का? दे."

तिने नोट ठेवली. त्याने ती कपाळाला लावली.  आत जाऊन चहा केला, आणि त्या दिवशी तो त्याला बरा लागला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. अर्धा किलो हरभरा डाळ. तिसऱ्या दिवशीही.

"रोज पुरणपोयी करी ऱ्हायनी का मंगलाबाई?"

"काल भजी करी. आज पिठलं. मन्हा घरमा नऊ तोंडं शेतस नाना, आनि त्यामा एक बी बंद ऱ्हात नही. शाळा बंद, काम बंद, तोंडंच तेवढी चालू."

पितांबर हसला. बायको गेल्यापासून पहिल्यांदा. मग दिवसभर तो मंगलाबाईच्या घरात काय शिजत असेल ते मनात आणत बसला. नऊ माणसं भिकुबाईने भरलेली डाळ खात होती. त्यांना काही झालं नव्हतं. ही गोष्ट हळूहळू गल्लीला कळेल. कोणी जाहिरात करायची गरज नाही, बायका बायकांना सांगतात. एक घर खातं म्हटल्यावर दुसरं खाईल. आखाजीला पुरणाची डाळ सगळ्यांनाच लागते. त्याने चेतनाला फोन करून सांगितलं, भवानी होऊ लागली.

"एकच गिऱ्हाईक ना नाना? दुकान बंद कर आणि इकडे ये."

"एकपासूनच सुरू व्हस," तो म्हणाला.

गल्ली मात्र आली नाही. रोज सातला मंगलाबाई, आणि मग अकरापर्यंत माशा. आखाजीच्या आदल्या दिवशी पांढरा टेम्पो गल्लीत तीन वेळा आला.

आखाजीला दुकान बंद ठेवून पितांबरने नवी घागर आणली, पाण्याने भरली, भिकुबाईच्या नावाने पुजली. पुरण त्याला जमलं नाही. नुसती डाळ शिजवून गूळ घातला, चार पोळ्या लाटल्या. त्यातला घास पानावर घेऊन तो कावळ्यासाठी मागच्या भिंतीवर ठेवायला गेला.

भिंतीपलीकडे मंगलाबाईची बकरी बांधलेली होती. तिच्यापुढे घमेलं होतं. घमेल्यात हरभऱ्याची डाळ होती, कोरडी, काठोकाठ. बकरीला ती नकोशी झाली होती. ती तोंड फिरवून उभी होती. बाजूला राखेच्या ढिगावर रिकाम्या पिशव्या पडल्या होत्या, मेणबत्तीने चिकटवलेलं तोंड कात्रीने सरळ कापलेलं. आतून पुरणाचा वास येत होता. ओसरीवर मंगलाबाईची सून रुपा मार्टच्या छापील पिशवीतून वेलदोडे काढत होती.

तिने वर पाहिलं नाही. पितांबरने घास भिंतीवर ठेवला आणि तो आत आला. पानावर बसला. वाढलेलं सगळं त्याने खाल्लं, कारण टाकून द्यायचं तर कुठे टाकायचं.

दुसऱ्या दिवशी सातला मंगलाबाई आली. पदर तोंडाला, नोट हातात.

"नाना, अर्धा किलो..."

"मंगलाबाई," तो म्हणाला, "बकरीले दाय देऊ नको. पोट फुगस तिन्हं. मरी जाई."

तिचा पदर तोंडावरून खाली आला तरी तिने सावरला नाही.

"पहिला दिन मी शिजाडी व्हती," ती म्हणाली. "भिकुबाईनी शपथ. सूननी पातेलंच उचली लिधं. म्हने, घरमा ल्हान पोऱ्हे शेतस. मी काय बोलू तिले? मन्हा हातमा काय शे आते?"

"मी तुले काही म्हनी ऱ्हायनू का?"

"मंग मी काय करू नाना? तू चहा बी पेत नही भवानीबगर. भिकुबाईनी माले सांगेल व्हतं ते. तुन्ही भवानी व्हवाले जोयजे ना."

 ती वाईट बाई असती तर बरं झालं असतं, असं पितांबरला वाटलं. वाईटावर चिडता येतं. त्याने कोपऱ्यातल्या पोत्यातून मक्याचा भरडा काढला, तागडीत घातला, अर्ध्या किलोवर मूठभर जास्त टाकला आणि कागदात बांधून तिच्यापुढे ठेवला.

"हाई ने. बकरीले हाईच चांगलं."

तिने नोट ठेवली. त्याने ती गल्ल्यात टाकली. कपाळाला लावली नाही. तिने ते पाहिलं.

तरी ती येत राहिली. आठ दिवस रोज सातला, अर्धा किलो भरडा. तो तोलायचा, ती न्यायची. गेल्या वर्षी सगळी गल्ली या ओट्यासमोर उभी होती. आता त्या दुकानाचा माल खाणारी एक बकरी उरली होती.

नवव्या दिवशी हेमराज स्वतः आला. सहा हात लांब उभा राहिला, पण नमस्कार वाकून केला. पोरगा वाईट नव्हता.

"काका, वाईट नका वाटून घेऊ. साबण, चहा, बिस्किटं, कंपनीचं जे सीलबंद असेल ते मी घेतो. छापील भावाने घेतो, तुमचं नुकसान करणार नाही."

"आणि बाकीचं?"

हेमराजने फळीकडे पाहिलं. पिशव्या ओळीने उभ्या होत्या.

"ते राहू द्या काका."

"हो," पितांबर म्हणाला. "ते राहू दे."

पांढरा टेम्पो पहिल्यांदा त्याच्या दारात थांबला. दोन माणसांनी हातमोजे घालून खोकी उचलली. अर्ध्या तासात अर्धं दुकान रिकामं झालं. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या.

दुसऱ्या सकाळी मंगलाबाई आली तेव्हा तो भरडा आधीच बांधून बसला होता. पुडकं मोठं होतं. पोत्यात होता तेवढा सगळा.

"पैसा नको," तो म्हणाला. "ने. उद्या येऊ नको."

"का बरं?"

"उद्या दुकान बंद शे."

"आनि परवा?"

पितांबरने तागडी आकड्यावरून खाली काढली आणि तिच्या साखळ्या गुंडाळायला लागला.