वरच्या अंगाला कोण राहतं

माझा स्वभाव संशयी आहे, हे मस्कतमधल्या आमच्या दार्सैतच्या इमारतीत तळमजल्यावरच्या दुकानदारापासून सगळ्यांना ठाऊक आहे. दुधाच्या बाटलीवरची तारीख मी दोनदा वाचते. टॅक्सीवाल्याने नेहमीचा रस्ता सोडला की मी पर्समधला फोन हातात घेते. प्रताप, म्हणजे माझा नवरा, लोकांना सांगतो की रेखाला गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीतही ढग दिसतो. आमची तेरा वर्षांची इरा यावर दर वेळी हसते आणि खरं सांगायचं तर मीही हसते. संशय मी घ्यायचा आणि त्या दोघांनी तो हसण्यावारी न्यायचा, असं आमचं बरं चाललं होतं.

२०१६च्या एप्रिलमध्ये माझा संशय होता नंदूवर. हा नंदू हिमाचलातला, तीर्थन नदीवर लोकांना ट्राउट मासे पकडायला नेणारा वाटाड्या. प्रतापला हे वेड कुरुमच्या ऑफिसातल्या त्याच्या स्कॉटिश मॅनेजरने लावलं होतं. यात गळाला गांडूळ लावत नाहीत. आकड्याला पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवतात आणि ती पाण्यावर अलगद टाकतात. मासा फसून वर आला की बहुतेक वेळा त्याला सोडूनही देतात. एवढा उपद्व्याप करून हातातला मासा सोडून द्यायचा, यातच मला काहीतरी काळंबेरं वाटायचं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिघं तिकडे जाणार होतो आणि इरा आपला पहिला ट्राउट पकडणार होती.

प्रताप रोज संध्याकाळी नंदूला फोन करून नदीची तब्येत विचारायचा. पाणी किती आहे, गार किती आहे, वरून बर्फ वितळून येतंय का, रंग कसा आहे. मग इराला शेजारी बसवून समजावायचा. पाणी काचेसारखं असेल तर मासा आपल्याला बघतो आणि दगडाखाली दडून बसतो. पार गढूळ झालं तर सामान आवरून घरी यायचं. पण पाणी किंचित चढलं आणि त्याला जरासा रंग आला, तर ती खरी वेळ, तेव्हा मासे धीट होतात. इराला हे सगळं तोंडपाठ झालं होतं. मला मात्र नंदूचं रोजचं "एकदम बढिया पानी है सर" खटकायचं. ज्याचं पोट आपल्या येण्यावर चालतं, तो नदी वाईट आहे असं कशाला सांगेल? मी तसं म्हटल्यावर प्रताप म्हणाला की अशाने जगात कोणाला काही विचारायची सोयच राहणार नाही.

जायच्या आधी इराचा हात बसावा म्हणून मस्कतबाहेर इब्रा गावाच्या पुढे एका वादीत जायचं ठरलं. वादी म्हणजे इथली डोंगरातली नदी. बरीचशी नुसती गोट्यांनी भरलेली, पण मधूनमधून डोह असतात आणि डोहात बोटाएवढे मासे असतात. त्यांच्यावर सराव करायचा, असा बेत होता.

शुक्रवारी सकाळी निघालो. वाटेत मला गाडीच्या मागच्या चाकाचा संशय आला. प्रतापने उतरून हवा तपासली, ठीक होती. इब्रात चहाच्या दुकानातून घेतलेल्या अंडा-पराठ्याचा वास मला बरा वाटेना. इराने माझ्या देखत दोन खाल्ले आणि तिला काही झालं नाही. मग मला डोंगरांच्या पार मागे एक काळसर पट्टा दिसला. तिकडे पाऊस असेल, मी म्हणाले. प्रतापने काचेतून वर पाहिलं. आमच्या डोक्यावर आभाळ लख्ख निळं होतं.

"कोणाची तरी चादर वाळत असेल," तो म्हणाला.

इरा हसून हसून सीटवर आडवी झाली. गोनू वादळाच्या वेळी कुरुममध्ये गाड्या एकमेकींवर चढलेल्या आपण पाहिल्यात, अशी आठवण मी करून दिली. ते चक्रीवादळ होतं आणि हे डोंगरामागचे दोन ढग आहेत, असं उत्तर आलं. चाकाचं आणि अंड्याचं खोटं ठरल्यावर ढगाला कोण विचारतो. पुढे मीसुद्धा तो विसरून गेले.

गाडी वरच्या सपाटीवर ठेवून आम्ही पायवाटेने खाली डोहापाशी उतरलो. डोह निवळशंख होता, तळचा गोटा न् गोटा दिसत होता. अलीकडच्या काठावर एका बाभळीची सावली होती. पलीकडे पाण्यालगत खडकाचा एक ओटा होता आणि त्याच्या मागे सरळसोट कडा. प्रतापला तो ओटाच हवा होता. मधलं पाणी जेमतेम घोट्यापर्यंत होतं. पण त्या ओट्यावरून परत यायला पाण्यातूनच वाट आहे, हे माझ्या मनाने टिपून ठेवलं.

माझं माहेर कराडचं. नदीत पाय ठेवण्याआधी तिला हळदकुंकू वाहायचं, ही आमच्याकडची रीत. ही वादी असली तरी नदीच, म्हणून मी पर्समधल्या डबीतलं हळदकुंकू काढलं. पण मासे असलेल्या पाण्यात रंग टाकायला प्रताप देईना. पाण्याचा रंग बघायलाच तर आपण आलोय, तो म्हणाला. म्हणून मी काठावरच्या एका कोरड्या दगडाला हळदकुंकू लावलं, नमस्कार केला आणि चपला त्याच दगडापाशी काढून सावलीत जाऊन बसले. मी स्वतः पाण्यात जात नाही. कराडला घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडताना लहानपणी पाहिल्यात, तेव्हापासून कुठल्याच नदीत मी पाय घातलेला नाही. प्रतापला आणि इराला हे माहीत आहे.

पलीकडे बापलेकींचं छान चाललं होतं. प्रतापने तळचे दगड उलटून त्याखालचे किडे इराला दाखवले. इराची दोरी दोनदा तिच्याच केसांत अडकली. मग हळूहळू खोटी माशी पाण्यावर नीट उतरू लागली. कुडता भिजून तिच्या अंगाला चिकटला होता, पण आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, म्हणून मी काही बोलले नाही.

तेवढ्यात वर सपाटीवर एक पांढरी गाडी येऊन थांबली. त्यातून एक माणूस उतरला आणि सपाटीच्या कडेला उभा राहून खाली बघू लागला. लांब पांढरा झगा, डोक्याला इथली नक्षीची कुमा टोपी, वय प्रतापएवढंच. तो हात हलवायला लागला, तळवा खाली करून, आपण कोणाला हाकलतो तसा. मला वाटलं, हा म्हणतोय निघा इथून. याची खजुराची बाग असेल जवळपास. मग माझ्या मनात आलं की तो इराकडे बघतोय, आणि माझं डोकंच फिरलं. मी पलीकडे ओरडून तिला ओढणी गुंडाळून घ्यायला सांगितलं. "मम्मा, प्लीज," ती म्हणाली आणि पुन्हा दोरी टाकू लागली. त्या माणसाने गाडीचा हॉर्न वाजवला. मी मुद्दाम त्याच्याकडे पाठ केली. काही लोकांना लाज कशी नसते, असं मी मोठ्यानेच म्हणाले. तो वरून काहीतरी ओरडत होता, पण दरीतल्या वाऱ्यात शब्द कळत नव्हते, आणि ते कळावेत अशी माझी इच्छाही नव्हती.

इतक्यात पलीकडून प्रतापची आनंदाने हाक आली.

"रेखा, पाण्याला रंग आला बघ! इरा, हीच ती वेळ. आता मासे माशी घेतील."

मी मान वळवली तेव्हा तो झगेवाला पायवाटेने धावत खाली येताना दिसला. आता मात्र मी घाबरले. मी एकटी अलीकडे आणि माझी माणसं पलीकडे. उठून चपला घालायला दगडाकडे गेले, तर चपला दगडापाशी नव्हत्या. त्या डोहात गोल फिरत होत्या. हळद पाण्याखाली गेली होती आणि वरच्या कुंकवाला पाणी लागलं होतं. माझ्यासमोर एक लाट आली आणि कुंकूही गेलं. कराडच्या पायऱ्या मला आठवल्या. त्यानंतर मला कशाचा विचार करावा लागला नाही.

पण ओरडून काय सांगणार? पाणी चढतंय, असं म्हटलं असतं तर प्रताप खूश होऊन म्हणाला असता की बघ, मी सांगत होतो ना. पूर येतोय, असं म्हटलं असतं तर दोघंही हसली असती. सकाळपासून मी इतक्या वेळा चुकले होते की मला माझ्याच शब्दांची खात्री नव्हती. म्हणून मी काहीच बोलले नाही. सलवार वर न करता मी सरळ पाण्यात शिरले. पाणी आधी घोट्याला होतं, दोन पावलांत पोटरीपर्यंत आलं आणि पायाखालची वाळू सरकू लागली.

प्रतापने मला पाहिलं. लग्नाला सोळा वर्षं झाली, आणि मला पाण्यात उभं राहिलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने हातातली काठी खाली ठेवली आणि इराचा दंड धरला. त्याच वेळी तो झगेवाला माझ्या शेजारून पाण्यात धडपडत गेला आणि त्याने इराचा दुसरा हात पकडला. मधोमध पाणी तिच्या कमरेला आलं. प्रताप एकदा कलंडला, पण हात सुटला नाही. मी इराच्या कुडत्याची कड मुठीत धरली आणि ती पार वर पोचेपर्यंत सोडली नाही.

अर्ध्या पायवाटेवर असताना आवाज आला. आधी मला ट्रक वाटला. मग वरच्या वळणावरून तांबडं पाणी आलं, त्यात अख्खी झाडं होती. बघता बघता डोह, बाभूळ आणि पलीकडचा ओटा सगळं एक झालं. प्रतापची मासेमारीची काठी त्या ओट्यावरच होती. तिचं नावही त्याने काढलं नाही. आभाळ अजून निळंच होतं.

त्या माणसाचं नाव कासम. वरच्या गावात राहणाऱ्या त्याच्या भावाने फोन करून सांगितलं होतं की वादी आली, म्हणजे वरून पूर सुटला. खाली कोणी आहे का, हे बघायला तो निघाला होता. त्याने गाडीतून पाणी काढून इराला दिलं, स्वतःचा भिजलेला झगा पिळला आणि मग हिंदीत, अजिबात न रागावता, माझ्याकडे बघून म्हणाला, "मैं कब से बुलाता. मॅडम देखता, फिर मुँह उधर करता."

इथे तळवा खाली करून हात हलवला की त्याचा अर्थ 'इकडे या' असा होतो. इतकी वर्षं मस्कतमध्ये राहून मला हे माहीत होतं. पण त्या क्षणी आठवलं नाही, कारण मला दुसरंच काहीतरी बघायचं होतं. लाजेने माझी मान वर होईना. प्रतापला चिडवायला आयती संधी होती, पण त्याने ती घेतली नाही. तो कासमचा हात दोन्ही हातांत धरून नुसता उभा राहिला.

परतताना, मस्कत जवळ आल्यावर इराने मागून माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली. "मम्मा, तुला... तुला कसं कळलं? द रेड स्टोन?" मी हो म्हणाले. तेवढंच सगळं खरं नव्हतं, पण त्यापेक्षा जास्त माझ्याच्याने बोलवलं नाही.

त्यानंतर घरात काहीतरी बदललं. मी दुधाच्या बाटलीला संशयाने हात लावला की इरा ती मुकाट्याने ओतून देते. मी लिफ्टचा आवाज बरा नाही म्हटलं, तर प्रताप जिन्याने जातो. आपलं कोणीतरी ऐकावं, असं मला आयुष्यभर वाटत आलं होतं. आता ऐकतात आणि मला ते सोसत नाही. मी मनाला येईल तो संशय घ्यायचे, कारण तो खोडून काढायला ही दोघं होती. आता माझ्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मलाच तपासावा लागतो. चादरीच्या विनोदाची मला इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

मे उजाडला. तिकिटं आधीच काढलेली होती आणि प्रतापने मॅनेजरची जुनी काठी मागून आणली होती. जाण्याआधी एका संध्याकाळी त्याने नंदूला फोन लावला आणि स्वतः न बोलता फोन माझ्यापुढे धरला. "तू विचार," तो म्हणाला. "तू म्हणशील तर जाऊ, नाहीतर रद्द करू." इरा सोफ्याच्या कडेला येऊन बसली. तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

नंदू नेहमीसारखा सुरू झाला. पानी बढिया, एकदम साफ, मौसम मस्त. मी त्याला बोलू दिलं. रंग विचारला नाही, गारवा विचारला नाही, आणि तो खरं बोलतोय का, याचाही विचार केला नाही. मला कासमचा भाऊ आठवत होता, ज्याला मी कधी पाहिलंही नाही.

"नंदूभाई, नदी के ऊपर के गाँव में आपका अपना कौन रहता है?" मी विचारलं. "जो पानी आते ही फोन करेगा?"

नंदू खो खो हसला. नदी के बीच में मेरी साली कहाँ से आ गई, म्हणाला. वरच्या गावात तीच राहते, दिवसभर फोनवरच असते, काही झालं तर पहिली तीच कळवेल.

"मग जाऊ या," मी म्हणाले आणि फोन ठेवला. ठेवेपर्यंत पलीकडे नंदू हसतच होता. आमच्या घरात कोणी हसलं नाही.