पासिंगपुरता टायर

मी टायर आहे, एका जीपचा, पुढच्या डाव्या बाजूचा. 'आहे' म्हणतो खरा, पण कुठल्याच जीपखाली मला फार दिवस राहू दिलं नाही. सध्या कांजूरमार्गला निलेशच्या गॅरेजबाहेर भिंतीला टेकून उभा आहे. दमलोय. फार धावलो म्हणून नव्हे. न धावताही माणूस दमतो, तसाच टायरही.

आम्ही चौघे भाऊ नव्याकोऱ्या जीपखाली लागूनच जगात आलो. ती जीप पवईच्या ऑफिसात नोकरी करणाऱ्या देवव्रतने घेतली. मुलुंडला सोसायटीच्या गेटात त्याच्या आईने, सुनंदाबाईंनी, आम्हाला हळदकुंकू लावलं. ते पुसलंही गेलं नव्हतं, तोच देवव्रत गाडी घेऊन निलेशकडे हजर.

"आधी हे सायकलचे टायर काढ यार!"

निलेशने आम्हाला उतरवलं आणि चिखलात चालणारे धिप्पाड टायर लावले. ते मडगार्डच्या बाहेर डोकावत होते. मग उंच स्प्रिंगा, पुढे लोखंडी गार्ड, टपावर दिव्यांची पट्टी. दोघांनी वाकून, बसून, झोपून फोटो काढले. आम्ही माळ्यावर गेलो.

म्हणे गाडी आडरानात न्यायची होती. नेलीही, एखाददुसऱ्या रविवारी. एरवी तिने पाहिलेलं आडरान म्हणजे मेट्रोसाठी खणलेला रस्ता.

मग एकदा चौकात हवालदाराने अडवलं. गाडी कंपनीने दिली तशी करून आरटीओत दाखवा, अशी नोटीस आली. निलेशने आम्हाला खाली काढून पुसलं आणि लावलं. मूळच्या स्प्रिंगा घातल्या, गार्ड आणि दिव्यांची पट्टी सोडवली. गाडी पास झाली. संध्याकाळी आम्ही पुन्हा माळ्यावर.

त्या दिवसापासून आमचं नाव 'पासिंगचा सेट' पडलं. देवव्रतच्या ग्रुपमधला कुणी अडकला की निलेशचा फोन वाजायचा. अंधेरीची जीप, घाटकोपरची जीप, सगळ्या एकाच मापाच्या. आम्ही लागायचो, आरटीओत जायचो, परत यायचो, उतरायचो. किती गाड्यांच्या वतीने मी सभ्य दिसलो, ते आता आठवत नाही.

आरटीओच्या रांगेत माणसं पाहावीत. एरवी सिग्नलला हॉर्न बडवणारे, त्या दिवशी कॉलरचं बटण लावून, 'मॅडम, मॅडम' करत उभे. एका इन्स्पेक्टर बाईंनी देवव्रतला सांगितलेलं मी ऐकलं आहे.

"तो गार्ड पुन्हा लावू नका. धडकेत तुमच्या गाडीला काही होत नाही, समोरचा माणूस मोडतो."

"नाही मॅडम, कायमचा काढला."

दुसऱ्या दिवशी गार्ड जागेवर होता. बाईंचं म्हणणं मला पटलं होतं. पण टायरला कोण विचारतो?

वर्षं गेली. सुनंदाबाईंचे गुडघे गेले. त्या उंच जीपमध्ये चढायला देवव्रत प्लास्टिकचं स्टूल ठेवायचा. एकदा ते सरकलं आणि त्या पडल्या. त्यानंतर त्यांनी गाडीत पाऊल टाकलं नाही. बोरिवलीला त्यांची धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली. रिक्षात हाडं खिळखिळी होतात आणि भाड्याची गाडी बोलवायला त्या तयार नव्हत्या. "पोराची गाडी दारात उभी असताना?" म्हणायच्या. दोघी बहिणी फोनवरच एकमेकींना पाहत होत्या.

यंदा देवव्रतला पुन्हा नोटीस आली. पुन्हा आम्ही लागलो. आरटीओतून परतताना तो लॅपटॉप घ्यायला घरी थांबला. खाली आला तर आई पुढच्या सीटवर बसलेली, पर्स मांडीवर.

"आई! तू कशी चढलीस?"

"चढायचं काय त्यात? दार उघडलं आणि बसले. गाडी बुटकी झाली का रे?"

"आजच्यापुरती. पासिंग होतं."

"म्हणजे उद्या परत उंटावर?"

देवव्रत हसला, पण त्या हसल्या नाहीत.

"मग आजच मला बोरिवलीला ने. उद्याचं काय सांगू मी तिला?"

तो नाही म्हणू शकला नाही. पवईवरून हायवेला लागलो आणि मी जन्मात पहिल्यांदा आरटीओच्या पलीकडचा रस्ता पाहिला. ऊन होतं, डांबर तापलं होतं. माझ्यावर एक माणूस विश्वासाने बसलंय, एवढंच मला कळत होतं. परतताना अंगात काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. मुलुंडला पोहोचेपर्यंत माझ्या कुशीला लिंबाएवढा फुगा आला होता.

सकाळी गॅरेजात तो पाहून निलेश ओरडलाच.

"वेडा आहेस का रे? काकूंना ह्याच्यावर हायवेला नेलंस?"

"अरे, नक्षी तर नवी आहे! चाललेच कुठे हे?"

"चालले नाहीत, पण म्हातारे झाले ना! रबर वाळलंय बघ. फुटला असता तर गाडी सरळ डिव्हायडरवर."

देवव्रत खाली बसला. माझ्या अंगावरच्या बारीक भेगांवरून त्याने बोट फिरवलं. इतक्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदाच हात लावला.

"चल, मोठे लावतो," निलेश म्हणाला.

"नको. ह्याच मापाचे नवे आण. स्प्रिंगाही ह्याच राहू दे. गार्ड नको, पट्टी नको."

"ग्रुपवाले हसतील हां. जीपची पार रिक्षा केलीस!"

"हसू दे. आईला परवा परत जायचंय."

नवे टायर आले. जीप निघून गेली. आम्हाला न्यायला मात्र अजून भंगारवाला यायचा आहे.

काल निलेशचा फोन वाजला. अंधेरीचा कुणीतरी होता, फोनवरही मोठ्याने बोलणारा. "पासिंगचा सेट आहे ना? एकाच दिवसाचं काम आहे यार!" निलेशने आमच्याकडे पाहिलं. फुगा मला एकट्यालाच आहे. बाकी तिघे लांबून अजून छान दिसतात. "बघतो, सांगतो," म्हणून त्याने फोन ठेवला. आज सकाळपासून तो दोनदा आमच्याजवळ येऊन गेला आहे.

निलेश, बघण्यासारखं काही नाही रे. वर्षानुवर्षं मी तुझ्या गिऱ्हाइकांसाठी खोटा चेहरा झालो, तक्रार केली नाही. आता एकच कर. तुझी ती रबर कापायची सुरी घे आणि आम्हा चौघांच्या कुशी आरपार काप. भंगारवाल्याची वाट पाहू नकोस. आम्ही धड उभे आहोत तोवर कुणाला तरी आमची गरज लागेल, आणि त्याच्याही गाडीत कुणाची तरी आई बसेल.