वाकड्या टोकाचा भुंगेरा

संग्रहालयाच्या तळमजल्यावर किड्यांची खोली होती. दोन खिडक्या, दोन्ही कायमच्या बंद, आणि भिंतींना लागून छतापर्यंत लाकडी कपाटं. कपाटांत उथळ खण, खणांत टाचणीवर लावलेले भुंगेरे. ताई तिथे बावीस वर्षं कामाला होती. खणांतल्या डांबरगोळ्या बदलायच्या, बुरशी दिसली की पुसायची आणि फिकट झालेल्या चिठ्ठ्या नव्याने लिहायच्या, हे तिचं काम. किड्यांना नावं देणारी माणसं वरच्या मजल्यावर बसत.

एका मंगळवारी तिने लहान तपकिरी भुंगेऱ्यांचा एक खण उघडला. बावन्न भुंगेरे, नाव एकच. चिठ्ठ्या बदलता बदलता तिला त्यातल्या अकरांच्या मिशा जरा निराळ्या वाटल्या. तिने एकेक करून ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले. मिशीचा तिसरा मणी चौथ्यापेक्षा लांब होता. उरलेल्या एक्केचाळीस जणांत दोन्ही मणी सारखे. पाठीवरच्या कवचावर बाकीच्यांना आठ रेघा होत्या, या अकरांना सातच. आणि मागच्या पायाच्या मांडीवर नखाने टोकरल्यासारखी एक खाच. तिने जेवणाची सुट्टी गेली तरी मान वर केली नाही.

मग ती वर गेली. विभागाच्या प्रमुखांना सगळे मोठे सर म्हणत.

“अहो ताई, माणसांची नाकं तरी सारखी असतात का?” मोठे सर म्हणाले. “थोडाफार फरक असायचाच.”

“नाक वेगळं असेल सर. पण ज्याचं नाक वेगळं त्याचेच कान वेगळे, त्याचेच गुडघे वेगळे, आणि असे एकदम अकरा जण? हे काही मला पटत नाही.”

सरांना हसू आलं. “बरं, मग नराच्या पोटात बघा. तिथे वेगळं निघालं तर बोलू.”

भुंगेऱ्यांच्या जवळजवळच्या जाती ओळखायची खात्रीची खूण तिथेच असते. नराचा जननावयव कठीण असतो, मिठाच्या कणाहून लहान असतो आणि प्रत्येक जातीत त्याचा आकार ठरलेला असतो. ताईच्या अकरांत दहा माद्या निघाल्या. नर एकच. तिने तो कोमट पाण्यात मऊ केला, सुईने तो अवयव अलगद ओढून घेतला आणि ग्लिसरिनच्या थेंबात ठेवला. जुन्या जातीत टोक चमच्यासारखं चपटं असतं. इथे ते डावीकडे वळून आकड्यासारखं झालं होतं. ताईने श्वास रोखून जेमतेम अर्धं मिनिट ते पाहिलं. दुसऱ्या बाजूने बघावं म्हणून ती ते वळवायला गेली आणि सुई सटकली. टोक मोडलं. तुकडा कुठे गेला ते संध्याकाळपर्यंत शोधूनही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना सगळं सांगितलं. सर चिडले नाहीत. उलट म्हणाले, “तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय ना? मग काढा की चित्र आठवणीतून. तुमचा हात चांगला आहे.”

“पाहिलंय. पण कुणी दाखवा म्हटलं तर काय दाखवू?”

“मग विषय संपला म्हणायचा.”

“विषय संपला नाही सर. नर संपला,” ताई म्हणाली आणि खाली आली.

तिने मनाशी खूणगाठ बांधली होती: जिवंत भुंगेरे शोधायचे. पण ते कुठे? अकरांच्या चिठ्ठीवर एवढंच होतं, ‘ओढ्याच्या वर, सालीखाली’. लिहिणारा माणूस कधीच वारला होता.

ताई भावाकडे राहायची. भाऊ शाळेची बस चालवायचा आणि वहिनी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात मीटर वाचायची. डोंगराकडच्या एकोणीस वस्त्या वहिनीच्या वाट्याला होत्या. रात्रीची भांडी आवरताना ताईने तिला सगळं सांगितलं.

“दिसतो कसा तो?” वहिनीने विचारलं. ताईने कागदावर काढून दाखवला. सहा मिलिमीटरचा, तपकिरी, लाकडाच्या सालीखाली राहणारा.

“मी रोज लोकांच्या अंगणातच असते, वन्सं. सरपणाच्या राशी काय कमी बघते? बघू की.”

तिसऱ्या आठवड्यात वहिनीने औषधाची रिकामी बाटली टेबलावर ठेवली. “हा घ्या तुमचा पाहुणा. चावतो की काय म्हणून मी हातमोजे घातले होते.”

“चावत नाही हो तो.”

“मग आधी सांगायचं ना! त्या घरची बाई मला विचारत होती, मीटरला काय झालंय म्हणून.”

त्या हंगामात वहिनीने चौदा वस्त्यांतून त्रेसष्ट भुंगेरे आणले. बावीस नर. पण ताईने लगेच सुई हातात घेतली नाही. आधी सरांची परवानगी घेऊन तिने नेहमीच्या, ढिगाने असलेल्या जातीचे चाळीस नर उघडले. कोपरं टेबलावर रोवायची, सुई बोटांनी नव्हे तर मनगटाने वळवायची, हे तिला तेराव्या नरापाशी जमलं. चाळिसावा झाल्यावर तिने वहिनीच्या पाहुण्याला हात लावला. टोक डावीकडे वळलेलं. दुसऱ्यातही. बावीसच्या बावीस नरांत तोच आकडा होता आणि या वेळी एकही मोडला नाही.

सरांनी ते स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. बावीसही नर एकेक करून बघितले. मग म्हणाले, “लिहा. मी वाचून देतो.”

ताईने लिहिलं. मिशांचे मणी मोजून, रेघा मोजून, मांडीवरच्या खाचेची खोली मोजून, आकड्याची तीन बाजूंनी चित्रं काढून. शेवटी नकाशा, त्यावर चौदा ठिपके. निबंध नियतकालिकाकडे गेला आणि चार महिन्यांनी परीक्षकाचं पत्र आलं. परीक्षक कोण ते कळत नसतं. त्याने लिहिलं होतं: रचनेबद्दल मला शंका नाही. प्रसाराबद्दल आहे. तुमचे सगळे ठिपके एका रस्त्यावर आहेत आणि सगळे नमुने घरांसमोरच्या सरपणातले आहेत. सरपण गाडीतून येतं. हा नकाशा भुंगेऱ्याचा आहे की गाडीचा?

ताईने पत्र स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं. मग भावाला आणि वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं.

“जळतोय कुणीतरी तुझ्यावर,” भाऊ म्हणाला.

“जळत नाही रे. बरोबर बोलतोय.”

“म्हणजे माझी हंगामभराची पायपीट पाण्यात?” वहिनीचा चेहरा पडला.

ताईने नकाशाची कच्ची प्रत काढली, खोडरबर घेतलं आणि चौदाही ठिपके एकेक करून पुसले. मग विचारलं, “वहिनी, त्या घरांना सरपण कुठून येतं, एवढं विचारता येईल?”

वहिनीने पुढच्या फेरीत विचारलं. उत्तर सगळीकडे एकच होतं: एकच लाकूडवाला. दोघी त्याच्या वखारीत गेल्या. वहिनीच्या हातातली सरकारी वही पाहून तो उठूनच उभा राहिला.

“परवाना आहे माझ्याकडे! पडलेलीच झाडं उचलतो मी, उभ्याला हात लावत नाही!”

“परवाना ठेवा तुमच्याजवळ,” वहिनी म्हणाली. “आम्हाला किडा हवाय.”

खात्री पटल्यावर माणूस मोकळा झाला. सगळं लाकूड एकाच डोंगराच्या उत्तर उतारावरून येतं म्हणाला. दक्षिणेला तो कधी जात नसे, तिकडे गाडीला वाट नाही.

“म्हणजे दोन्हीकडे बघायला हवं,” ताई बाहेर पडताना म्हणाली.

“सापडणारी बाजू तर कळली!”

“नसतो कुठे, तेही कळायला नको का?”

बारा रविवार दोघी डोंगरावर गेल्या. पडलेलं खोड दिसलं की साल वीतभर उचलायची, बघायचं आणि पुन्हा होती तशी बसवायची. प्रत्येक खोडाला वहीत एक ओळ: ओढ्यापासून किती पावलं, खोड जमिनीला टेकलंय की अधांतरी, साल ओली की कोरडी, भुंगेरा आहे की नाही. उत्तरेला पहिल्याच रविवारी दोन सापडले. सहाव्या रविवारी त्या दक्षिणेला होत्या. दुपारपर्यंत एकोणीस खोडं झाली, भुंगेऱ्याचा पत्ता नाही, आणि त्यातच वहिनीचा पाय मुरगळला.

“नाहीये तो इथे, वन्सं,” ती दगडावर बसून म्हणाली. “उरलेल्यांपुढे नाही लिहून टाका आणि चला.”

“न बघता नाही कसं लिहू?”

“कोण येणार आहे तपासायला?”

“कुणीच नाही,” ताई म्हणाली. “तुम्ही बसा. मी जाऊन येते.” ती एकटीच पुढच्या खोडाकडे निघाली. तिलाही भूक लागली होती, नखांत मातीचे कण रुतले होते, आणि वहिनीला असं बसवून पुढे जाताना तिचं तिलाच वाईट वाटत होतं. तरी ती थांबली नाही. तिसऱ्या खोडापाशी वाकली असताना मागून काठीचा आवाज आला. वहिनी लंगडत येत होती.

“डावीकडची तुम्ही बघा, उजवीकडची मी बघते,” वहिनी म्हणाली. “आणि घरी गेल्यावर मला आठवडाभर भांडी सांगायची नाहीत.”

दक्षिणेला एकंदर सत्तेचाळीस खोडं झाली. भुंगेरा एकातही नव्हता. उत्तरेला एकोणपन्नास, त्यांतल्या सतरांत तो मिळाला. सतराही खोडं दोन ओढ्यांच्या काठची, पाण्यापासून दोनशे पावलांच्या आतली आणि पोटाने ओल्या मातीला टेकलेली. अधांतरी खोडांत तो कुठेच नव्हता. चौदा वस्त्यांभर पसरलेला वाटणारा प्राणी दोन ओढ्यांच्या काठी मावला. नव्या नकाशात सतरा भरीव ठिपके होते आणि भुंगेरा न मिळालेल्या खोडांचे एकोणऐंशी पोकळ.

मोठ्या सरांनी नवा निबंध वाचला. मग चष्मा पुसत म्हणाले, “लेखकांत माझं नाव घालायची पद्धत आहे, माहीत आहे ना?”

“माहीत आहे,” ताई म्हणाली. “तुमचं नाव आभारात आहे सर. पहिलंच.”

सरांनी मान डोलावली आणि एका ठिकाणचा स्वल्पविराम तेवढा दुरुस्त करून कागद परत दिले.

निबंध स्वीकारला गेला. परीक्षकाने या खेपेला एकच ओळ लिहिली होती: पोकळ ठिपक्यांबद्दल आभार. लेखिका दोन होत्या. ताईच्या नावाखाली संग्रहालयाचा पत्ता आणि वहिनीच्या नावाखाली पाणीपुरवठा कार्यालयाचा. भुंगेऱ्याला वहिनीचं नाव द्यावं असं ताईच्या मनात होतं, पण वहिनीने ऐकताक्षणी हात जोडले. “माझं नाव किड्याला? ऑफिसात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही!” शेवटी आकड्यावरूनच नाव पडलं, वाकड्या टोकाचा अशा अर्थाचं. नव्या जातीचा मूळ नमुना म्हणून ताईने सर्वांत नेटका नर निवडला आणि त्याला लाल चिठ्ठी लावली.

छापील अंक आला तेव्हा भावाने पेढ्याऐवजी गुळाचा खडा सगळ्यांच्या हातावर ठेवला. अंक हातोहात फिरला. शेवटी तो वहिनीकडे गेला. तिने मजकूर सोडला आणि सरळ नकाशा उघडला. चष्मा चढवला, बोट ठेवलं, परत ठेवलं.

“वन्सं, हा नववा ठिपका बघा. हा ओढ्याच्या या अंगाला छापलाय. आपल्याला तो पलीकडे मिळाला होता, मी पाण्यातून गेले होते, बूट भिजले होते माझे.”

ताईने अंक ओढून घेतला. दोन मिलिमीटरची चूक होती. भाऊ म्हणाला, “अगं, जाऊ दे. कुणाला कळणार आहे?”

दोघींनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं. त्याने गुपचूप टेबलावरचं ताट बाजूला केलं आणि जागा करून दिली. वहिनी वही घेऊन आली. ताईने कोरा कागद पुढे ओढला आणि संपादकांना लिहायला घेतलं: आपल्या अंकातील आमच्या नकाशात एक दुरुस्ती आहे.