देवीचे दोन खांदे

नीटची परीक्षा मी दोनदा दिली आणि दोनदा आपटले. तरी अप्पांना मला तिसऱ्यांदा लातूरच्या क्लासला धाडायचं होतं. बसवकल्याणात आमचं बियाण्यांचं दुकान आहे. तिथं येणारा प्रत्येक जण विचारतो, "गुंडेराव, पोरगी डाक्टर झाली का?" अप्पा दर वेळी "होयलीय" म्हणतात. मला मात्र कडगंचीच्या विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. यादीत नावही लागलं होतं. त्या दिवशी पाचच्या आत होकार कळवायचा होता.

"दगडं शिकून काय खडी फोडनार हायस का?" अप्पा म्हणाले.

आमच्या घरातला असा तंटा भवानीपुढं मिटतो. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या देवळात आई कौल लावते, म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांना पाण्यात बुडवलेली एकेक मोगऱ्याची कळी चिकटवते. उजवी आधी पडली तर कडगंची, डावी पडली तर लातूर, असं ठरलं.

देवीवर माझा विश्वास आहे, नशिबावर नाही. म्हणून सकाळीच जाऊन मी डाव्या खांद्याला गुळाचा पाक लावून आले.

आईनं कळ्या लावल्या. तास झाला. डावी हलत नव्हती ते ठीक, पण उजवीही हलेना. अप्पा डोळे मिटून जप करत होते आणि मधूनच एक डोळा उघडून उजवीकडं बघत होते.

मग मुंग्यांची रांग डाव्या खांद्यावर चढली. तेवढ्यात दुसरी रांग उजव्या खांद्यावर चढली.

आईनं डावीकडं बोट फिरवून जिभेला लावलं. "गूळ." मग उजवीकडं. "मध." ती वळली. "अंजू, गूळ तुजा. मध कुनाचा वो?"

अप्पांनी हात पाठीमागं नेले.

"दोन वर्सं झाली, लेकरू रडायलंय. ते दिसंना का तुमाला?" आई म्हणाली.

अप्पांचं तोंड एवढंसं झालं. मला खरंच वाईट वाटलं, गूळ लावणारीला तो हक्क नसला तरी.

"मग दुकानात इचारतेत त्यास्नी काय सांगू?" त्यांनी हळूच विचारलं.

आईनं मधात चिकटलेली उजवी कळी उचकटली आणि माझ्या हातावर ठेवली.

"सांगा, उजवी पडली."