हिरवा लंगोट

“अरे, आधी तंगड्या धर तिच्या! लंगोट कावून धरून बसलाय?”

केसरबाई दोराच्या पलीकडून ओरडली. भारतने एका हातात ठकीचे दोन्ही पाय धरले, दुसऱ्या हाताने खालची त्रिकोणी घडी सारखी केली आणि गाठ मारायला म्हणून दोन्ही हात मोकळे केले. तेवढ्यात ठकी निसटली. आठ महिन्यांच्या त्या पोरीला रांगायची नुकतीच गोडी लागली होती. ती नागडीच बैलांच्या दिशेने निघाली आणि तिचा बाप लंगोट घेऊन तिच्यामागे गुडघ्यांवर निघाला.

“मावशी, तुमीच या की इकडं. दोन मिनटाचं काम हाय तुमाला.”

“न्हाई बाबा. मी हितूनच सांगते.”

पाळण्यात पोरीचं नाव आराध्या ठेवलं होतं, पण चाऱ्याच्या छावणीत एवढं लांब नाव घ्यायला कुणाला सवड होती? सगळे तिला ठकी म्हणत. गावच्या दूध संस्थेने धर्मापुरी रस्त्याला माळावर ही छावणी उघडली होती. गावातल्या विहिरींनी तळ दाखवला होता आणि पाण्याचा टँकर आधी छावणीत येई, मग जमलं तर गावात. म्हणून भारतने बैलजोडीबरोबर बायको आणि लेकरूही इथेच आणलं होतं. ताडपत्रीचं पाल, समोर दावण, आणि मध्ये बांधलेल्या दोराच्या पलीकडे केसरबाईचं पाल. तिची एकच गाय होती, हौशी.

रुक्मिणी, भारतची बायको, पहाटेच दुधाच्या गाडीत बसून अंबाजोगाईला परीक्षेला गेली होती. नर्सिंगचं शेवटचं वर्ष बाळंतपणात अर्धं राहिलं होतं, ते तिला पुरं करायचं होतं. जाताना ती लंगोटांची चळत भारतच्या हातात देऊन म्हणाली होती, “ह्या उन्हात पोरीला प्लास्टिक बांधू नका. मांड्या सोलून निघत्यात. हे कापडाचेच वापरा.”

“अन् धुवायला पानी?”

“थोडक्यात धुवायचं. मी न्हाई का धूत?”

नवराबायकोचं या एका गोष्टीवर जमत नव्हतं. गावातल्या म्हाताऱ्या कापडाच्या बाजूच्या आणि शिकलेल्या पोरी डायपरच्या, असा जगाचा हिशोब. इथे मात्र शिकलेली रुक्मिणी कापडावर अडून बसली होती आणि टँकरपासून घागरी वाहून खांदे सुजलेला भारत डायपरचा भक्त झाला होता. रुक्मिणीला गाडीत बसवून परतताना त्याने छावणीच्या तोंडाशी असलेल्या रामहरीच्या टपरीवरून दोन-तीन सुटे डायपर खिशात घातले. एक दिवसाचा तर प्रश्न, असा त्याने विचार केला. नवरे असाच विचार करतात आणि मग कानाला खडा लावतात.

पहिल्या दोन लंगोटांनीच त्याच्या नाकी नऊ आणले. एक गाठ सैल बसली म्हणून सुटला, दुसरा बांधल्या बांधल्या भिजला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि डायपर काढला. चिकटपट्ट्या चटचट लावल्या की झालं! ठकीसुद्धा थबकून स्वतःच्या पोटाकडे बघायला लागली.

“मावशी, बघा. ह्याला म्हनत्यात सुधारना.”

“रुक्मिणी आली की सुधरवील तुला,” केसरबाई म्हणाली आणि हौशीच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

ती पलीकडून बोले, हसे, ठकीला बघून टाळ्या वाजवी, पण दोर ओलांडत नसे. तिला मूल झालं नव्हतं, आणि नवरा गेल्यापासून घरात दुसरं माणूसही नव्हतं. गावात बारशाला, पाचवीला तिला कुणी या म्हणत नसे आणि या म्हटलं तरी ती जात नसे. आमच्याकडे बाळाच्या अंगाला पहिलं कापड नवं लावत नाहीत. लेकरानातवंडांनी घर भरलेल्या एखाद्या म्हातारीचं मऊ झालेलं लुगडं मागून आणतात, तिचं आयुष्य आणि तिचं गोकुळ बाळाला लागावं म्हणून. केसरबाईच्या दारात असं कापड मागायला आजवर कुणी उभं राहिलं नव्हतं. कुणी तिला तोंडावर वाईट बोललं होतं असं नाही. पण न मागितलेलं माणसाला बरोबर कळतं.

हौशीही तिच्यासारखीच. म्हातारी, भाकड, पाठीची हाडं वर आलेली. “भाकड गाय अन् वर छावनीचा चारा,” असं रामहरी एकदा म्हणाला होता, त्या दिवसापासून केसरबाई त्याच्या टपरीवर चहा पीत नव्हती.

उन्हं वर आली. डायपर भरून जड झाला, तसा भारतने तो सोडला, गुंडाळला आणि कुठे टाकावा म्हणून पाहिलं. उकिरडा लांब होता आणि पोरगी हातात वळवळत होती. दावणीच्या कडेला, दोराला लागून, जनावरांनी चघळून टाकलेल्या उसाच्या वाढ्यांचा ढीग होता. त्याने गुंडाळी तिथे भिरकावली आणि मग टाकू म्हणून विसरला.

कुठल्याही बापाच्या हातून होईल अशीच ही चूक होती. पण दुष्काळात जनावरं मिठाला हपापलेली असतात. मुताचा खारट वास आला की ती चिंधीसुद्धा सोडत नाहीत. हे भारत लहानपणापासून बघत आला होता. पण त्या घडीला तो शेतकरी नव्हता, नुसता बाप होता.

“अरं माझी हौशी! भारत, अरं धाव!”

भारतने वळून पाहिलं तेव्हा हौशीच्या जबड्यातून डायपरचं पांढरं टोक लोंबत होतं आणि ती डोळे मिटून सावकाश चावत होती. ठकीला काखेत मारून तो दोराखालून पलीकडे गेला. केसरबाईने गायीचं तोंड उघडून कोपरापर्यंत हात आत घातला होता. ओढता ओढता अर्धा डायपर तिच्या हातात आला, चिंध्या आणि फुगलेला पांढरा लगदा. उरलेला अर्धा हौशीने गिळला.

केसरबाई त्या लगद्याकडे बघत खाली बसली. ती रडली नाही. नुसतं म्हणाली, “मला एकच हाय रे, लेकरा.”

भारतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

छावणीवर रोज फेरी मारणारे जनावरांचे डॉक्टर चारा वाटपाच्या ठिकाणी होते. भारतने त्यांना जवळजवळ ओढतच आणलं. त्यांनी हौशीच्या डाव्या कुशीला कान लावला, पोट दाबून पाहिलं.

“अर्धा निघाला ते बरं झालं. बहुतेक काही होणार नाही. पण पोट फुगतं का, बघत राहा. संध्याकाळपर्यंत रवंथ केला आणि शेण टाकलं, की काळजी मिटली. नाही टाकलं तर मला लगेच बोलवा.” मग भारतकडे वळून म्हणाले, “आणि ती घाण उघड्यावर टाकत जाऊ नका. इथं एवढी जनावरं आहेत.”

डॉक्टर गेले. टपरी सोडून रामहरी बघायला आला होता. तो हळूच भारतला म्हणाला, “कावून एवढं मनावर घेतो बे? भाकडच तर हाय.”

“रामहरी, निघ हितून,” भारत म्हणाला. खिशातले उरलेले डायपर त्याने रामहरीच्या हातात कोंबले. “अन् हे घेऊन जा.”

“इकलेला माल मी परत घेत न्हाई.”

“पैसे कोन मागतंय? तू नेस हवं तर.”

आसपासचे हसले. केसरबाई हसली नाही, पण तिने मान वर करून भारतकडे पाहिलं.

मग दुपारभर भारत हलला नाही. ठकीला मांडीवर घेऊन तो हौशीसमोर बसून राहिला. दोराच्या पलीकडे, केसरबाईच्या दावणीवर. गाय उभी होती, कान पाडून. ती शेपटी जराशी उचली की दोघंही पुढे वाकत, आणि ती शेपटी नुसती माशी हाकलून खाली येई.

“ठकी पंधरा दिवसाची असताना चार दिस शी केली नव्हती हिनं,” भारत म्हणाला. “रुक्मिणी म्हनायची, अंगावर पिती, होतं असं. मला घास जाईना. पाचव्या दिशी केली, तर मी गावात साखर वाटायला निघालतो.”

“मग?”

“रुक्मिणीनं हात धरून बसवलं.”

केसरबाईच्या ओठांच्या कडा हलल्या. “लेकरू म्हंजे असंच की. पोटात काय गेलं अन् काय आलं, सगळा जीव त्यातच.” थोडं थांबून ती म्हणाली, “मलाबी हिच्यापायी तेच.”

तेवढ्यात भारतची मांडी गरम झाली. आता सगळं कापडावरच होतं. तिसरा लंगोट गेला, मग चौथा. सकाळी घाईत दिलेला मऊ भात पोरीला मानवला नसावा, कारण पाचवा तर बघण्यासारखा राहिला नाही. धुवावं तर घागरीत पिण्यापुरतंच पाणी होतं आणि टँकर अजून आला नव्हता. चळत संपली. स्वतःचा टॉवेल गुंडाळून पाहिला, तर तो खरखरीत म्हणून ठकीने भोकाड पसरलं.

भारतने केसरबाईकडे पाहिलं. “मावशी, एखादं मऊ फडकं असंल तुमच्यापाशी, तर द्या.”

केसरबाईचा हौशीच्या पाठीवरचा हात थांबला. “माझ्यापाशी?”

“व्हय.”

“लोक काय म्हनतील?”

“पोरीला काय बांधायचं, ते लोक ठरवत्यात व्हय?”

“अन् रुक्मिणी?”

रुक्मिणी तशी नव्हती, पण तिचा जीव पोरीत होता, आणि जीव असला की शहाणं माणूसही काजळाची तीट लावतं. “तिला मी सांगन,” तो म्हणाला.

केसरबाई पालात गेली. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात हिरवं लुगडं होतं. धुऊन धुऊन रंग उडालेलं, हाताला लोण्यासारखं लागणारं.

“नारायणगडाला नवस बोलून आलो, अन् पुढं पोट राहिलं. तवा मालकानं आनलं हे,” ती म्हणाली. “पोट काही टिकलं न्हाई. लुगडं टिकलं. ते होते तवर नेसले, मग ठेवून दिलं.”

तिने पदराकडून दातांनी चीर पाडली, टर्रकन तुकडा काढला आणि पहिल्यांदाच ठकीला हात लावला. डाव्या हाताच्या बोटांत दोन्ही घोटे, खाली त्रिकोण, मधलं टोक वर, बाजूची दोन आत, गाठ. ठकीला पालथं व्हायला वेळच मिळाला नाही.

“हे कुठं शिकलात मावशी?”

“धाकट्या भावाला मीच बांधायची की! हाताला काय माहीत, लेकरू कुनाचं हाय ते.”

ठकी हिरवा लंगोट नेसून केसरबाईच्या मांडीवर बसली, आणि पोरीने तिच्या गळ्यातली तुळशीची माळ मुठीत धरली. केसरबाईने ती सोडवून घेतली नाही.

उन्हं कलली तेव्हा हौशी गुडघे मोडून खाली बसली. भारत घाबरून उठला. पण केसरबाईने हाताने थांबवलं. गायीच्या गळ्यातून एक गोळा वर सरकताना दिसला, आणि तिचा खालचा जबडा सावकाश फिरायला लागला. हौशी रवंथ करत होती. टँकरचा भोंगा वाजला, बायकामाणसं घागरी घेऊन धावली, पण भारत जागचा उठला नाही. हौशी उठून उभी राहिली, तिने शेपटी वर केली, आणि या वेळी ती वरच राहिली.

“टाकलं! मावशी, शेन टाकलं!”

भारत एवढ्या जोरात ओरडला की टँकरपाशी भांडणाऱ्या बायकासुद्धा गप्प झाल्या, आणि मग सगळी छावणी हसली. भारतचा जीव भांड्यात पडला. केसरबाई हसत होती आणि डोळेही पुसत होती. ठकीला काही कळलं नाही, पण सगळे हसतात म्हणून तिनेही दोन दात दाखवले.

रुक्मिणी आली ती याच गडबडीत. पेपर चांगला गेल्याचं तिच्या चालण्यावरून दिसत होतं. आधी तिला नवरा दिसला, दोराच्या पलीकडे. मग केसरबाईच्या मांडीवरची पोरगी दिसली आणि पोरीच्या कमरेचं हिरवं कापड दिसलं. ती थबकली.

केसरबाईने ठकीला घाईने भारतकडे दिलं आणि ती हौशीच्या आडोशाला गेली. गायीच्या मानेवर उगीचच काहीतरी शोधत राहिली.

भारतने सगळं सांगितलं. डायपर, हौशी, डॉक्टर, संपलेली चळत. काही लपवलं नाही. रुक्मिणीने ठकीला घेतलं, गाठ सोडली, मांड्या नीट पाहिल्या. कुठे पुरळ नव्हता, लाली नव्हती. तो ओला तुकडा बोटांत चुरून पाहिला. मग टँकरवरून घागर भरून आणली आणि त्यातल्या वाटीभर पाण्यात दुसऱ्या कशाच्याही आधी तोच धुतला, पिळला आणि मधल्या दोरावर वाळत घातला.

“वाळलं की मी काढून घेते वं,” केसरबाई गायीआडून म्हणाली. “तुज्या घरात नको ठिवू.”

“कावून?” रुक्मिणीने मागे न बघता विचारलं. “लेकराला बांधलेलं कापड कुनी परत घेतं व्हय? ते तिचं झालं आता.”

रुक्मिणी दोराखालून वाकून गेली आणि नागडी ठकी केसरबाईच्या हातात देऊन म्हणाली, “मावशी, एकानं काय भागतं हिचं? उरलेलं लुगडं हाय का?”

केसरबाईने मान डोलावली. मग ती पालाच्या दारात बसली, ठकीला मांडीवर आडवी घेतली आणि तिच्या कमरेला माप लावून लावून लुगडं फाडू लागली. हौशी शेजारी रवंथ करत होती. टर्र, टर्र असा आवाज दिवेलागणीपर्यंत येत राहिला, आणि प्रत्येक आवाजाला ठकी खदखदून हसत होती.