पांचा आणि मक्याची गव्हाण

मेंढीला भोळी म्हणणाऱ्यानं एकदा ताकुआरेम्बोला येऊन एलेउतेरियोचा कळप बघावा. भोळ्या कसल्या, हटवादी नुसत्या! दुष्काळानं कुरणातलं गवत मुळापासून जळालं, तेव्हा बिचाऱ्यानं मका आणून गव्हाणीत ओतला. मेंढ्यांनी हुंगला, नाकं फुरफुरवली आणि पाठ फिरवली. जन्मभर गवत खाल्लेलं. हे पिवळे खडे खायचे असतात हे त्यांच्या गावीच नव्हतं. त्या दिवशी एक गाभण मेंढी बसली, ती उठलीच नाही.

"आता खड्डेच खणायचे," एलेउतेरियो बायकोला म्हणाला.

"आधी पांचाला घेऊन जा," देल्मिरा म्हणाली.

पांचा ही तिची म्हातारी मेंढी. आईवेगळी म्हणून बाटलीवर वाढवलेली, चुलीपाशी झोपलेली, कोंबड्यांपुढचा मका चोरून खाणारी.

"त्या फुकटखाऊला? सगळा मका एकटीच फस्त करेल."

"करू दे. बाकीच्या बघतील तरी. मेंढी मेंढीचं ऐकते, म्हाताऱ्या. तुझं तर मीसुद्धा ऐकत नाही."

त्यानं कुरकुरत पांचाला कळपात सोडलं. तिनं इकडेतिकडे पाहिलंही नाही. सरळ गव्हाणीत तोंड खुपसलं आणि कराकरा चावायला लागली. जवळची एक मेंढी पुढं आली, पांचाचं तोंड हुंगलं, एक दाणा उचलला, थुंकला, पुन्हा उचलला. मग दुसरी आली. दुपारपर्यंत गव्हाणीपाशी रेटारेटी सुरू झाली. एलेउतेरियोला रडू फुटलं. ते त्यानं धुळीच्या नावावर खपवलं.

पण सवय नसताना मका जास्त झाला की पोट आंबतं, जनावर हातचं जातं. म्हणून मका मुठीमुठीनंच घालायचा, हळूहळू वाढवायचा. बाकीच्या रेटारेटी करत आल्या तरी खायच्या भीतभीतच. पांचाला कुठली भीती? रोज सकाळी ती सुरुवात करून द्यायची, आणि दोन मुठी झाल्या की एलेउतेरियो तिला ओढून बाजूला न्यायचा. कळपाचं खाणं होईपर्यंत तिच्या गळ्यात हात घालून धुळीत बसायचा.

एका सकाळी देल्मिरा त्याला न्याहारीला बोलवायला आली, तर तो मेंढीच्या कानाशी बोलत होता.

"पुरे गं राणी. पोट फुगून मेलीस तर देल्मिराला काय तोंड दाखवू?" मग तिचा कान कुरवाळत म्हणाला, "देल्मिराचं जाऊ दे. मलाच करमायचं नाही."

देल्मिरा हाक न मारताच मागे फिरली. भाकरी थंड झाली तरी चालणार होती.