मास्तरांच्या कात्रीचे टोक

मी दहा नंबरची, शिंपीकामाची जुनी कात्री आहे. मित्रांनो, आता माझ्याकडून दुधाची पिशवीसुद्धा एका दमात कापली जात नाही. पण एके काळी विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यावरच्या एका छोट्या दुकानात, माझ्या धारेवर एक घर चालत होते.

माझा जन्म मेरठचा. मोडीत निघालेल्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे पोलाद तापवून, ठोकून मला घडवले आणि मुठीला पितळ दिले. तिथून मी पुण्यात रविवार पेठेतल्या एका दुकानात आले. एक दिवस नासिर मास्तर तिथे आले. त्यांनी मला उघडून कानाशी धरले, मिटताना होणारा आवाज ऐकला आणि दुकानदाराला म्हणाले, "हीच द्या." शेजारच्या पाच-सहा कात्र्यांकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. त्या दिवशी मला वाटलेला अभिमान पुढे बरीच वर्षे टिकला.

मास्तरांचे दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधल्या पडद्याच्या पलीकडे त्यांची पत्नी शकीला स्वयंपाक करत असे आणि अलीकडे मी कापडावर चालत असे. शाळेचे गणवेश, लग्नाचे सफारी, म्हाताऱ्यांचे लेंगे, सगळे माझ्या पात्यांखालून गेले. दुकानात माझ्याबद्दल एकच नियम होता. मी फक्त कापड कापायचे. कागदासाठी, दोऱ्यासाठी वेगळी लहान कात्री होती. "कागदाला लावली की कात्री मेली," असे मास्तर सांगत, आणि रोज संध्याकाळी मला तेलाच्या फडक्याने पुसून मशीनच्या खणात ठेवत.

मला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. अपवाद फक्त सुमय्याचा. ही त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा नववीत होती. मास्तर तिला कापायला शिकवत होते. "जाड कापड पात्यांच्या मुळाशी, खिळ्याजवळ धर. टोकाने फक्त वळण घ्यायचं," असे ते सांगायचे आणि ती जीभ दातांत धरून तसे करायची. मित्रांनो, हात कसा आहे ते कात्रीला कळते. सुमय्याचा हात मास्तरांच्याही पुढे जाणार, हे मला पहिल्या महिन्यातच कळले होते. मास्तरांनाही कळले असावे, कारण त्यांनी तिला कधी "शाबास" म्हटले नाही. ते नुसते गिऱ्हाइकाचे पुढचे कापड तिच्यासमोर पसरायचे.

सुमय्याची एक मैत्रीण होती, कल्याणी. समोरच्याच इमारतीत राहायची. तिचे वडील टेलिफोन खात्यात होते आणि थोरला भाऊ सौरभ नुकताच हिंजवडीच्या एका संगणक कंपनीत लागला होता. शाळा सुटली की दोघी दुकानाच्या कोपऱ्यात बसून काहीतरी बनवायच्या. उरलेल्या चिंध्यांच्या, वह्यांत घालायच्या खुणा, बटणांची फुले, जुन्या जीनच्या पायाची पेन्सिलींची पिशवी, रंगीत दोऱ्यांचे पीळ घालून मैत्रीचे पट्टे. कठीण काहीच नसे. कल्पना कल्याणीच्या असायच्या, भराभर सुचायच्या. त्या नीट उतरवायचे काम सुमय्याचे. मास्तर कुरकुर करायचे, "दुकान आहे की बालवाडी?" पण चांगल्या कापडाचे तुकडे मुद्दाम त्यांच्या बाजूला सरकवायचे.

ही गोष्ट दोन हजार एक सालची. शाळेत आनंदमेळा होता आणि दोघींनी स्वतःच्या वस्तूंचा एक स्टॉल मांडायचे ठरवले होते. सौरभने ऑफिसातून खराब झालेल्या सीडींचा एक गठ्ठा आणून दिला. त्याच्या पाकळ्या कापून, दोऱ्यात ओवून, भरतकामाच्या लाकडी रिंगेवर टांगायच्या, म्हणजे उन्हात चमकणारे झुंबर तयार होणार होते. सगळ्या वस्तूंत तेच मुख्य होते.

त्याच आठवड्यात मास्तरांनाही मोठे काम मिळाले होते. रेडिमेड कपड्यांच्या दुकानांमुळे त्यांची गिऱ्हाइके कमी होऊ लागली होती. अशा वेळी हिंमतराव नावाचे एक कंत्राटदार आले. हिंजवडीला कर्मचाऱ्यांना नेणाऱ्या त्यांच्या बस होत्या आणि चाळीस चालकांचे गणवेश शिवून हवे होते. "मास्तर, हे वेळेवर झालं तर दरवर्षी तुमच्याकडेच," असे ते म्हणाले. मास्तरांनी त्या रात्री मला दोनदा तेल लावले.

शनिवारी सकाळची शाळा करून दोघी दुकानात आल्या. मास्तर अस्तर आणि बटणे आणायला रविवार पेठेत गेले होते. कोरडी सीडी कापायला गेले की तडकते; गरम पाण्यात मिनिटभर बुडवली की नरम पडते आणि साध्या कात्रीनेही कापता येते. हे सुमय्याला ठाऊक होते. "पाणी तापवून आणते. तोवर हात लावू नकोस," असे सांगून ती आत गेली.

कल्याणीला धीर नव्हता. तिने लहान कात्रीने एक सीडी कापून पाहिली. जमेना. मग तिने खण उघडला आणि मला बाहेर काढले.

मला ओरडता आले असते तर! तिने सीडी माझ्या टोकाशी धरली आणि दोन्ही हातांनी दाबले. काडकन आवाज होऊन सीडी फुटली, माझ्या पात्याला खाच पडली आणि दचकून तिने मला सोडले. मी शहाबादी फरशीवर टोकावर पडले. माझे टोक मोडले.

कल्याणी क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने तो चिमुकला तुकडा उचलून दाराबाहेर टाकला, मला खणात ठेवले आणि खण लावून घेतला. सुमय्या गरम पाण्याचे पातेले घेऊन आली.

"काय फुटलं गं?"

"सीडी. एक वाया गेली."

"म्हटलं होतं ना, थांब म्हणून," सुमय्या हसली आणि दोघी कामाला लागल्या. त्यांनी लहान कात्रीने एकोणतीस पाकळ्या कापल्या. झुंबर फार सुंदर झाले. मास्तर रात्री उशिरा परतले आणि रविवारी दुकान बंद होते, म्हणून मला खणातून कुणी काढलेच नाही.

सोमवारी शाळेत आनंदमेळा व्हायचा होता. त्या सकाळी दोघी सामान न्यायला दुकानात आल्या, तेव्हा मास्तरांनी खाकी कापडाच्या आठ घड्या एकावर एक पसरल्या होत्या. घाईत त्यांनी माझ्याकडे न पाहताच मला चालवले. मी दोन वीत गेले आणि खाचेपाशी अडखळले. मास्तरांनी जोर केला. मी कापड चावले, ओढले, वरच्या तीन घड्या उसवल्यासारख्या फाटल्या. मास्तरांनी मला उजेडात धरले. मग हळू आवाजात विचारले, "कोणी घेतली होती?"

सुमय्याने माझ्याकडे पाहिले. माझ्या खिळ्याशी चांदीसारखा चुरा अडकला होता. तिने कल्याणीकडे पाहिले. कल्याणी मान खाली घालून पिशवीचा बंद बांधत होती. तो मघाशीच बांधून झाला होता.

"मी, अब्बा," सुमय्या म्हणाली.

मास्तर रागावले नाहीत. "झुंबर घेऊन जा. उशीर होईल," एवढेच म्हणाले.

दुपारी धार लावणारे दत्तोबा सायकल घेऊन आले. लोणी काळभोरचे हे गृहस्थ वर्षानुवर्षे मास्तरांच्या कात्र्यांना धार लावत. त्यांनी माझ्यावरून अंगठा फिरवला.

"टोक गेलं ते गेलंच. खाच घासतो, पर पयल्यावानी व्हायची न्हाय." मग जरा थांबून म्हणाले, "मास्तर, ह्ये तुमच्या पोरीचं काम न्हाय. तिनं कापलं असतं तर खाच मुळाशी पडली असती. ह्यो नवखा हात हाय."

"कळलं मला," मास्तर म्हणाले.

"मग?"

"माझ्यासमोर खोटं बोलली. ती स्वतः खरं सांगेपर्यंत दुकानात तिचं काम नाही."

मित्रांनो, मास्तर सुमय्याला हे कधीच सांगणार नव्हते. तिने ओळखावे, अशी त्यांची अपेक्षा होती.

संध्याकाळी सुमय्या आनंदाने घरी आली. झुंबर बाईंनी शाळेच्या कार्यालयासाठी मागून घेतले होते. मास्तर म्हणाले, "उद्यापासून दुकानात बसू नकोस. अभ्यास कर." ती पडद्याजवळ उभी राहिली. तिला वाटले, कात्रीची शिक्षा आहे, आठ-पंधरा दिवसांत संपेल. मास्तरांना वाटले, आठ-पंधरा दिवसांत पोर बोलेल. शकीला दोघांना जेवायला वाढायची आणि दोघांच्या तोंडाकडे पाहायची.

गणवेश उसन्या कात्रीने कापले गेले आणि नऊ दिवस उशिरा झाले. हिंमतरावांनी ते निमूट नेले. पुढच्या वर्षी ते आले नाहीत.

कल्याणी महिनाभर आली. मग दहावीचा क्लास, मग अभियांत्रिकी, मग तिचे कुटुंब दुसरीकडे राहायला गेले. सुमय्याने कोपऱ्यातला चिंध्यांचा डबा स्वतःच शेजारच्या मुलींना देऊन टाकला. तिने बी.कॉम. केले, लग्न होऊन लोणी काळभोरला गेली, एका पतपेढीत बसू लागली. माझ्याकडे नंतर दोऱ्या, पुठ्ठे, दुधाच्या पिशव्या आल्या. मला पुन्हा कधी कुणी तेल लावले नाही. दुकानाची खोली मोबाइल रिचार्जवाल्याला भाड्याने गेली. मी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगली गेले.

बारा वर्षांनी एका रविवारी कल्याणी आली. मास्तरांना अर्धांगवायू झाल्याचे तिला कुणीतरी सांगितले होते. रविवारची पाळी करून थेट आल्याने गळ्यात हिंजवडीच्या कंपनीचे ओळखपत्र तसेच राहिले होते. ते काढून तिने पर्समध्ये टाकले. मास्तर खाटेवर होते. उजवा हात उशीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"चाचा, ती कात्री मी मोडली होती," ती बसायच्या आधीच म्हणाली.

"माहीत आहे, बेटा."

"सुमय्याने सांगितलं?"

"नाही. तिने कधीच सांगितलं नाही."

एव्हाना सुमय्या डबा घेऊन दारात आली होती. ती दर रविवारी दोन बस बदलून यायची. तिने हे सगळे ऐकले. तिने कल्याणीकडे पाहिलेच नाही. ती वडिलांसमोर उभी राहिली.

"अब्बा, तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिवशी कळलं."

"मग मला दुकानातून का काढलंत?"

"तू येऊन सांगशील म्हणून थांबलो." मास्तरांनी उशीवरच्या हाताकडे पाहिले. "मग फार दिवस झाले. मग लाज वाटायला लागली."

कल्याणी रडू लागली. "सुमी, मला माफ कर. मी रोज ठरवायचे, उद्या सांगेन."

सुमय्याने डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "तेव्हा सांगितलं असतंस तर मी चार दिवस तुझ्याशी बोलले नसते. पाचव्या दिवशी आपण काहीतरी नवं बनवलं असतं." एवढे बोलून ती आत शकीलाला चहाला मदत करायला गेली. चहा सगळ्यांनी घेतला. कल्याणी निघाली तेव्हा सुमय्या तिला रिक्षापर्यंत सोडायलाही गेली.

परत येऊन तिने कापायला एक जुना टॉवेल घेतला, मला खिळ्यावरून काढले आणि वडिलांच्या खाटेशी बसली. "शिकवा," ती म्हणाली. मास्तरांनी डावा हात पुढे केला, माझ्या मुठीत बोटे घालायचा प्रयत्न केला. मूठ उजव्या हाताची होती. मी त्यांच्या हातातून दोनदा निसटले. तिसऱ्यांदा सुमय्यानेच मला बाजूला ठेवले आणि वडिलांचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसली. शिकण्याचे तिचे वय गेले नव्हते. शिकवणारा हात गेला होता.

मित्रांनो, तुम्ही मैत्रिणींसोबत, मित्रांसोबत खुशाल काही बनवा. कापा, चिकटवा, बिघडवा. हाताखालच्या वस्तूला जपा, कारण तिच्यावर कुणाचे तरी पोट असते. पण एखादी वस्तू मोडलीच, तर त्याच दिवशी सांगा. आणि मोठ्यांनो, तुम्हाला कळले असेल, तर मूल बोलण्याची वाट पाहत बसू नका, तुम्हीच विचारा. कुणी रागावेल, कुणी रडेल. तेवढे होऊ द्या.